सागाच्या कूपातील पोकळ झाडे

रानपिंगळ्याचा शेवटचा खात्रीशीर नमुना १८८४ मध्ये खानदेशातून गोळा झाला आणि त्यानंतर हा छोटा घुबडवर्गीय पक्षी नामशेष झाल्याचेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला, आणि पुढे मेळघाटातही त्याची वस्ती असल्याचे स्पष्ट झाले. तो ज्या रानांत सापडला ती घनदाट, अस्पर्श अरण्ये नव्हेत, तर सागाची विरळ पानगळीची राने आहेत. लाकूड देणारे जंगल आणि वन्यजीवांचे जंगल यांत मुळातच वैर असते असे मानणाऱ्यांनी या पक्ष्याकडे जरा लक्षपूर्वक पाहायला हवे, कारण त्याला सागाचे वावडे नाही. त्याला हवी असते ती खोडातली ढोली, आणि नेमकी तीच लाकडाच्या शेतीत उरत नाही.

सागाचे रोपवन साधारणपणे दोन-दोन मीटर अंतरावर लावतात, म्हणजे हेक्टरी अडीच हजार रोपे. साग हा प्रकाशाचा हावरा वृक्ष असल्यामुळे फांद्या एकमेकींना भिडू लागल्या की त्याची वाढ खुंटते, म्हणून ठरावीक वर्षांनी विरळणी करून ६० ते ८० वर्षांच्या अखेरीस त्यांतली काही मोजकीच झाडे उभी ठेवली जातात. विरळणीत प्रथम बाद होतात ती वाकडी, रोगट, दुभंगलेली आणि मरणोन्मुख झाडे. सरळ, निकोप खोड मिळवायचे तर हा नियम बरोबरच आहे. मात्र तो दशकानुदशके काटेकोरपणे पाळला की त्या रानात राखी धनेश, सुतारपक्षी, पोपट, उडती खार किंवा रानपिंगळा यांच्या उपयोगाचे एकही झाड राहत नाही.

ढोली तयार होण्यास लागणारा वेळ हा या प्रश्नाचा गाभा आहे. एखादी जाड फांदी वादळात मोडते, त्या जखमेतून बुरशी शिरते आणि आतला मृत गाभा हळूहळू कुजवते. बाहेरचा जिवंत थर मात्र पाणी वाहत राहतो, त्यामुळे झाड हिरवे दिसते. सागाचा गाभा बुरशीला आणि वाळवीला दाद देत नाही (त्याला बाजारात मान आहे तो यासाठीच), म्हणून त्याच्यात ढोली फार उशिरा होते, आणि ती होण्याआधीच त्याच्या तोडीची पाळी आलेली असते. सालई, मोई, पांगारा यांसारख्या मऊ लाकडाच्या झाडांत ती लवकर होते. सागाच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्यात, ही ‘किरकोळ’ झाडे मिसळलेली ठेवणे म्हणूनच केवळ शोभेचे काम नाही.

यात तोटा किती, हे पाहिले तर हिशोब सोपा आहे. पोकळ खोडाला लाकूड आगारात भाव जवळपास मिळतच नाही. म्हणजे पशुपक्ष्यांना सर्वाधिक उपयोगी असलेले झाड लिलावात सर्वांत कमी मोलाचे ठरते, आणि हेक्टरी असे दोन-चार वृक्ष वय उलटल्यावरही राखल्याने उत्पन्नाला मोठा धक्का बसेल असे मला वाटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. वाळलेले झाड हे गावाचे सरपण असते, आणि वणवा लागला की पोकळ खोड आतून धुरांड्यासारखे पेटते. गावाशी बोलून खुणा केल्याशिवाय आणि जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) वेळेवर साफ केल्याशिवाय कागदावरची राखीव झाडे प्रत्यक्षात टिकत नाहीत.

विरळणीचा दुसरा परिणाम जमिनीवर दिसतो. दाटलेल्या रोपवनात खाली उजेडच पोहोचत नाही. शिवाय सागाच्या मोठ्या पानांवर पाणी साचून त्याचे जाड थेंब पडतात आणि उघडी माती उसळवतात. छत्र थोडे उघडले की गवत आणि झुडपे येतात, चितळ चरायला येतात, त्यांच्यामागे वाघ येतो. चंद्रपूर जिल्ह्यात वन विकास महामंडळाच्या रोपवनांमधून वाघांचा वावर असतो, त्यामागे भक्ष्याबरोबरच कोवळ्या रोपवनातील दाट आडोसा हेही एक कारण आहे. छत्र एकदम फार उघडले तर मात्र गवताऐवजी घाणेरी माजते, आणि ती काढण्याचा खर्च विरळणीतून आलेल्या पैशांवर पडतो. शेजारशेजारचे कूप लागोपाठच्या वर्षांत न तोडता पसरून घेतले, आणि नाल्यांच्या दोन्ही काठांवरील सुमारे वीस मीटरच्या पट्ट्याला हात लावला नाही, तर प्राण्यांना एका आडोशातून दुसऱ्यात जाण्याची वाट राहते. तरीही निव्वळ सागाचे रोपवन कितीही नीट राखले तरी मोह, तेंदू, चारोळी, बेहडा असलेल्या मिश्र रानाची बरोबरी करू शकत नाही. अस्वलाचे पोट सागावर भरत नाही.

ऋतूचाही विचार करावा लागतो. तोडीचे काम पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते, आणि रानपिंगळ्याची वीण याच काळात होते. म्हणून कूपातील झाडांची आखणी आधीच्या उन्हाळ्यात, पाने गळून गेलेली असताना करावी. तेव्हा ढोलीचे तोंड खालून दिसते, आणि तोडायच्या झाडावर हातोड्याचा शिक्का मारताना राखायच्या झाडाला रंगाचा वेगळा पट्टा त्याच फेरीत देता येतो.