घाटाखाली बुडी, घाटावर घर: स्कुबानंतर किती थांबायचं या प्रश्नाची पार्श्वभूमी

सीमाभागातल्या माणसाचा समुद्र घाटाखाली असतो. शनिवारी पहाटे आंबोली नाहीतर चोर्ला उतरायचा, रविवारी सकाळी बोटीत, दुपारी सुरमईचं ताट आणि रात्रीच्या जेवणाला परत बेळगाव. या ठरलेल्या वेळापत्रकात गेल्या काही वर्षांत स्कुबा, म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखाली उतरणं, येऊन बसलं. पाण्यात काय करायचं ते सांगणारे पुष्कळ भेटतात. वर आल्यावर घाट कधी चढायचा असं विचारलं, तर एक म्हणतो "लगेच निघाला तरी चालतंय की", दुसरा चोवीस तास सांगतो. दोघांनीही ते कुठून तरी ऐकलेलं असतं, आणि दोन्ही उत्तरांमागे बराच वाद होऊन गेलेला आहे.

बुडी मारणं जुनंच. मन्नारच्या आखातात मोती काढणारे श्वास रोखून उतरत. एकोणिसाव्या शतकात पितळी शिरस्त्राण घालून वरून नळीने हवा घेणारे पाणबुडे बंदरांच्या कामाला लागले. सुट्टीतल्या स्कुबाशी थेट नातं आहे ते १९४३ चं. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये एक नौदल अधिकारी आणि एक इंजिनिअर यांनी असा रेग्युलेटर बनवला की ओढाल तेवढीच हवा मिळते, तीही त्या खोलीवरच्या दाबाने. त्यातली मूळ झडप गाड्या पेट्रोलऐवजी गॅसवर चालवण्यासाठी केलेली होती. युद्धात पेट्रोल कुठून मिळणार?

पाठीवरच्या टाकीला किनाऱ्यावर सरसकट ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. आत असते साधी हवा, दोनशे बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशेपट दाबाने भरलेली. नुसता ऑक्सिजन घेऊन सहा मीटरपेक्षा खाली गेलं तर फिट येऊ शकते, आणि पाण्याखाली फिट म्हणजे बहुधा शेवटच. हवा वापरल्याने हा धोका टळतो, पण हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत मुरतो. माणूस झटकन वर आला की त्याचे बुडबुडे होतात. वर आल्यावर पाणबुड्यांचे सांधे दुखतात, हातापायाला मुंग्या येतात, त्यामागचं हे कारण १८७८ मध्ये एका फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. ब्रिटिश आरमारासाठी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये किती सावकाश वर यायचं याचे पहिले नीट तक्ते छापले गेले. त्या तक्त्यांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली: माणूस वर येतो तो समुद्रसपाटीला, आणि तिथेच राहतो. आरमारातल्या माणसाच्या बाबतीत ते खरंच होतं. त्याला संध्याकाळी चंदगडमार्गे घरी जायचं नव्हतं.

विमानाने सुट्टीला जाणं स्वस्त झालं तेव्हा हे गृहीतक पहिल्यांदा अडलं. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीपेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे अंगात उरलेला नायट्रोजन तिथे उसळी घेऊ शकतो. मग थांबायचं किती? १९८० च्या दशकापर्यंत याची उत्तरं दोन तासांपासून चोवीस तासांपर्यंत पसरलेली होती आणि प्रत्येक पुस्तकाचा आकडा वेगळा. १९८९ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली आणि थोड्या बुड्यांना बारा तास, जास्त बुड्यांना चोवीस तास असं ठरलं. त्यानंतर लगेच डायव्हरांच्या सुरक्षिततेचं काम करणाऱ्या एका संस्थेने सरळ सोपा नियम सुचवला: बुडी कसलीही असो, चोवीस तास विमान नाही.

त्यावर ओरड झाली. काही आक्षेप शास्त्रीय होते: धोका मुळात इतका कमी असताना एवढं थांबवायचं कशाला? बाकीचे सरळ धंद्याचे होते. बेटावर पाच दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचा शेवटचा दिवस कोरडा गेला तर डाइव्हचे पैसे बुडतात. संस्थेने माघार घेतली आणि किमान बारा तासांवर तडजोड झाली. इथे शास्त्रापेक्षा गल्ल्याने जास्त जोर लावला असं माझं मत आहे, पण पुढे जे घडलं तेही सांगायला हवं. १९९० च्या दशकात एका अमेरिकन विद्यापीठात शेकडो स्वयंसेवकांना दाबाच्या खोलीत कोरड्या 'बुड्या' देऊन, ठरावीक वेळाने विमानाइतक्या उंचीच्या दाबात नेलं गेलं. एकाच बुडीनंतर ११ तास आणि अनेक बुड्यांनंतर १७ तास थांबलेल्यांना त्रास झाला नाही. त्यावर २००२ मध्ये आजचे आकडे ठरले: एका बुडीनंतर किमान १२ तास, लागोपाठच्या किंवा अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८. चोवीसचा आकडा मात्र पुसला गेला नाही. तो जुन्या पुस्तकांतून आणि सावध शिक्षकांच्या तोंडून फिरत राहिला, म्हणून आजही एकाच किनाऱ्यावर दोन उत्तरं मिळतात.

आता घाट. त्या २००२ च्या शिफारशीत उंचीची मर्यादा दिलेली आहे: केबिनचा दाब २,००० ते ८,००० फूट उंचीइतका धरून हे तास काढलेत. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे टिळकवाडीतलं घर, खालच्या टोकाला का होईना, विमानाच्या नियमात बसतं. वाटेतली आंबोलीही बसते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बेळगावला येणारा शिनोळीचा रस्ता नव्हता. पण शरीराला आपण विमानात आहोत की क्रूझर गाडीत, याने फरक पडत नाही.

म्हणून घाबरून जायचंही कारण नाही. समुद्रसपाटीपासून बेळगावपर्यंत हवेचा दाब साधारण आठ-नऊ टक्क्यांनी कमी होतो. पाण्यात मोजलं तर हा फरक मीटरभरही नाही. घाट उतरताना कानात दडे बसतात, तेवढा सगळा दाब समुद्रात कमरेइतकं खाली जाताच मिळतो. पहिल्यांदा उतरणाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा १२ मीटर आहे. तारकर्ली-मालवणला नवख्याला बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यावरही नेत नाहीत, आणि तेही थोडीच मिनिटं. एवढ्यात मुरणारा नायट्रोजन अगदी किरकोळ. अशा बुडीत खरा त्रास कानांचा. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, आणि ती दुखायला लागायच्या आधी. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, पैसे भरले असले तरी.

आपल्या भागात हे सगळं पोचलं ते फार उशिरा. रेल्वे येण्याआधी बेळगावच्या छावणीचं बंदर वेंगुर्ला होतं, आणि १९६१ पर्यंत गोवा परक्या राज्यात. गोव्यात डायव्हिंगच्या शाळा १९९० च्या दशकात आल्या, ग्रँड आयलंडच्या आसपास. मालवणात १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांनी कडाडून विरोध केला होता, आणि तो अजूनही शमलेला नाही. २०१० नंतर एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून आणि सरकारी प्रशिक्षणातून तिथल्याच कोळी घरांतली पोरं गाइड झाली. आज सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपल्याला मागून धरून खाली नेणारा बहुतेक वेळा त्यांच्यातलाच असतो. काही बोटींवर सिलिंडर पाठीवर बांधतच नाहीत. तो बोटीत राहतो आणि लांब नळीने हवा येते. बोटीत पाच मिनिटांची शिकवणी होते, त्यातली एक खूण हटकून विसरली जाते: अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'मला वर ने'. प्रवाळ बघून खूश झालेला पाहुणा अंगठा दाखवतो आणि गाइड त्याला निमूट वर आणतो.

या धंद्याची वाढ आणि त्यावरची देखरेख यांचा मेळ काही बसला नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. पाण्याखाली नव्हे, किनारा जवळ असताना. त्यानंतर लाइफ जॅकेट आणि परवान्यांवर बोलणं झालं. परतीच्या रस्त्यावर कुणी बोललं नाही, आणि बोटीवर सही घेतात त्या कागदावर दमा, हृदयविकार, विमानप्रवास यांचे रकाने असले तरी घाटाचा नसतो.

मालवणच्या उथळ पाण्यात हे चालून जातं. नेत्राणीचं तसं नाही. मुरुडेश्वरपासून दहाएक सागरी मैलांवरच्या या बेटाशी पाणी खोल आहे आणि स्वच्छ आहे. नौदलाच्या नेमबाजीच्या सरावासाठी ते वापरलं जातं, म्हणून तिथे जाणं आधीपासूनच वादाचं. मालवणात एकदा धीर आलेली मंडळी पुढच्या सुट्टीत तिकडे वळतात, दोन दोन बुड्या घेतात आणि अंकोल्यावरून अरबैल घाट चढून यल्लापूरमार्गे त्याच रात्री घर गाठतात. तिथे बारा आणि अठराचा हिशेब खरोखर लागू होतो. एक मुक्काम वाढवायचा, नाहीतर बुड्या पहिल्या दिवशी उरकून दुसरा दिवस देवळाला आणि किनाऱ्याला ठेवायचा. घरी पोचल्यावर सांधा दुखला, हातापायाला मुंग्या आल्या किंवा अंगावर जाळीसारखे चट्टे उठले, तर काल समुद्रात खोल उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. साडेसातशे मीटर उंचीवरच्या दवाखान्यात ते कुणी विचारणार नाही.