कंट्रोलर 100 टक्के मागतो, भट्टीला 70 च मिळतात
सॅच्युरेशन आणि विंडअपविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून त्याचे गुण बदलण्याच्या) भट्ट्यांचे कंट्रोल पॅनल बनवतो आणि जुने पॅनल सुधारून देतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी: “ऑटो-ट्यून तीनदा केलं, तरी सकाळच्या पहिल्या चार्जला टेम्परेचर सेटपॉइंटच्या वर जातंच.” (ऑटो-ट्यून म्हणजे कंट्रोलरने आपले आकडे स्वतः ठरवणं, चार्ज म्हणजे भट्टीत एका वेळी घातलेला माल, सेटपॉइंट म्हणजे हवं असलेलं तापमान.) अशा वेळी ट्यूनिंगच्या आकड्यांमागे लागण्याआधी हे पत्रक एकदा वाचा.

दूध तापवताना गॅस पूर्ण मोठा केला, की बटण आणखी पिरगाळून दूध लवकर तापत नाही. हीटर, व्हॉल्व्ह, मोटर यांचंही तसंच आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला म्हणजे उघडला. 60 किलोवॅटचा हीटर 80 किलोवॅट देणार नाही. कंट्रोलरची मागणी या हद्दीला टेकली, की तिला सॅच्युरेशन म्हणतात. हा बिघाड नव्हे. थंड भट्टी वर आणताना हीटर पूर्ण ताकदीनेच चालायला हवा. घोळ होतो तो कंट्रोलरच्या आत.

मागणी किती करायची हे कंट्रोलर ज्या गणिताने ठरवतो, ते पीआयडी. त्यातला ‘आय’, म्हणजे इंटिग्रल, सेटपॉइंट आणि प्रत्यक्ष तापमान यांतल्या फरकाची बेरीज करत राहतो. आकडे घालून पाहू. भट्टी 30 अंशांवर आहे, सेटपॉइंट 850. पूर्ण ताकदीवर ती मिनिटाला 10 अंश चढते असं धरा, म्हणजे 82 मिनिटं लागतील. गेन (एका अंशाच्या फरकामागे किती मागणी) दर अंशाला 2 टक्के आणि इंटिग्रल टाइम (बेरजेचा वेग ठरवणारा आकडा) 5 मिनिटं असेल, तर भट्टी 850 ला पोचते त्या क्षणी एकट्या इंटिग्रलची मागणी 13,448 टक्के झालेली असते. हीटर देणार 100 च. ही साठलेली बेरीज उतरायला तापमान सेटपॉइंटच्या वर जावंच लागतं. 20 अंश वर गेलं, तरी बेरीज मिनिटाला फक्त 8 टक्क्यांनी उतरते. म्हणून हीटर बंद होत नाही आणि भट्टी चढत राहते. यालाच विंडअप म्हणतात.

बाजारातले बरेच तयार कंट्रोलर आज अशी बेरीज वेळीच थांबवतात. पण पीएलसीमध्ये (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकात) कोणी स्वतः लिहिलेला पीआयडी असेल, तर तो थांबतो का हे तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आणि तयार कंट्रोलरही एका ठिकाणी फसतो. आमच्या एका ग्राहकाच्या हार्डनिंग भट्टीत दर चार्जला 15-20 अंशांचा ओव्हरशूट येत होता, म्हणजे तापमान तेवढं सेटपॉइंटच्या वर जात होतं. कंट्रोलर चांगला, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) नवा. आम्ही हीटरच्या केबलला क्लॅम्प मीटर लावून आउटपुट हाताने वाढवत नेलं. 50, 60, 70 पर्यंत करंट चढला. 80 ला तेवढाच, 100 लाही तेवढाच. हीटरला वीज कमी-जास्त करून देणाऱ्या थायरिस्टर युनिटच्या झाकणामागे लिमिटचं छोटं पॉट (फिरवून हद्द ठरवायचं बटण) होतं. हीटर वारंवार जळतात म्हणून कोणीतरी ते 70 वर आणून ठेवलं होतं आणि नोंद कुठेच नव्हती. निर्णय बरोबरच होता, फक्त कंट्रोलरला तो माहीत नव्हता. 70 ते 100 च्या मधल्या पट्ट्यात तो बेरीज वाढवत राहायचा आणि मग तेवढं उतरेपर्यंत भट्टी वर जायची. आम्ही कंट्रोलरमध्ये आउटपुट हाय लिमिट, म्हणजे मागणीची कमाल हद्द, 70 केली. ट्यूनिंगला हात लावला नाही. पुढचा चार्ज सेटपॉइंटला येऊन शांतपणे बसला.

आमचं सांगणं एवढंच आहे: खाली जिथे जिथे हद्द आहे, ती वर कंट्रोलरला कळली पाहिजे. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची कमाल फ्रिक्वेन्सी 50 वरून 40 हर्ट्झ केली, व्हॉल्व्हला यांत्रिक स्टॉपर लावला, कॅस्केडमधला (एक कंट्रोलर दुसऱ्याला सेटपॉइंट देतो त्या रचनेतला) आतला लूप हद्दीला गेला, प्रत्येक वेळी हेच.

संशोधन कुठे चाललंय, असं काही ग्राहक आवर्जून विचारतात, आणि आम्हाला ते आवडतं. मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं यांतला फरक इंटिग्रलकडे परत पाठवायचा, ही कल्पना फर्टिक आणि रॉस यांनी 1967 मध्ये मांडली. आम्ही पीएलसीमध्ये आजही तीच वापरतो. 1989 मध्ये स्वीडनमधल्या ओस्ट्रोम आणि रुंडक्विस्ट यांनी तिची नीट मांडणी केली. हद्द वेगालाही असते, हे जगाला 1993 मध्ये फार महागात कळलं. स्टॉकहोममधल्या प्रात्यक्षिकात ग्रिपेन लढाऊ विमान कोसळलं. वैमानिकाच्या हालचाली इतक्या झपाट्याच्या होत्या, की विमानाचे नियंत्रक पृष्ठभाग (विमान वळवणारे हलते भाग) तेवढ्या वेगाने फिरू शकले नाहीत. वैमानिक सीटसकट बाहेर पडून वाचला. तुमचा मोटराइज्ड व्हॉल्व्ह बंदचा उघडा व्हायला मिनिटभर घेत असेल, तर ही हद्द तुमच्याकडेही आहे.

1990 च्या दशकात अभ्यासकांचा प्रश्न बदलला: हद्द असताना यंत्रणा नेमकी किती दूरवरून सावरून परत येऊ शकते? टील, लिन, साबेरी या संशोधकांचं काम त्यातलं. ड्रोनसारख्या, नियंत्रण सुटलं की कलंडणाऱ्या यंत्रांसाठी हा प्रश्न जिवाचा आहे. भट्टी सुदैवाने तशी नाही. ताकद कमी पडली तर ती उशिरा तापते, एवढंच. दुसरी वाट मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलची. त्यात हद्द आधीच गणितात धरून पुढच्या चालींचा हिशोब होतो. तेलशुद्धीकरणात ही पद्धत 1970 च्या दशकापासून रुजली. अलीकडे न्यूरल नेटवर्कने हद्दीचा परिणाम शिकून भरून काढण्यावर भरपूर शोधनिबंध येत आहेत. मात्र त्यांतले पुष्कळ निष्कर्ष संगणकावरच्या सिम्युलेशनचे असतात. अडकणारा व्हॉल्व्ह आणि जळालेला एक फेज त्यात नसतो. एका झोनच्या (तापवायचा एकच भाग असलेल्या) भट्टीसाठी त्यावर पैसे घालू नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. अनेक झोन एकमेकांना तापवत असतील, तर जरूर बोलू.

आम्हाला बोलावण्याआधी पहिल्या चार्जचा एक ट्रेंड (वेळेनुसार आलेख) काढून ठेवा. त्यात सेटपॉइंट, तापमान आणि कंट्रोलरचं आउटपुट, तिन्ही रेषा हव्यात. तापमान सेटपॉइंटच्या वर गेल्यावरही आउटपुट 100 लाच चिकटलेलं दिसलं, तर आम्ही येईपर्यंत ऑटो-ट्यून पुन्हा दाबू नका.