कॉक्लिअर इम्प्लांट

अंतर्कर्णातील केशपेशी (आवाजाच्या कंपनांचे संकेत ऐकण्याच्या नसेला देणाऱ्या पेशी) निकामी झाल्याने ज्यांना श्रवणयंत्राचाही पुरेसा उपयोग होत नाही, अशा कर्णबधिर व्यक्तींच्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचे विद्युत उपकरण. पालकांच्या बोलण्यात ते नुसते 'मशीन' असते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट मात्र केशपेशींना वगळून ऐकण्याच्या नसेला थेट विद्युत स्पंद देते. साहजिकच ही नस शाबूत असावी लागते.

कानामागच्या प्रोसेसरमधील मायक्रोफोन आवाज टिपतो. लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली कॉइल त्याचे संकेत त्वचेखालच्या भागाकडे पाठवते. तिथून निघालेली बारीक तार कॉक्लिआच्या, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीच्या, वेटोळ्यांत शिरते. या नळीच्या तोंडाशी उंच आणि टोकाशी खालच्या पट्टीचे आवाज ओळखले जातात, आणि तारेवरची साधारण १२ ते २२ विद्युत अग्रे (इलेक्ट्रोड) याच क्रमाचा उपयोग करतात. निरोगी कानात सुमारे साडेतीन हजार आंतरकेशपेशी जे काम करतात, ते इथे या मोजक्या अग्रांवर येते. म्हणून बोलणे समजते, तबल्याचा ठेकाही कळतो, पण सूर निसटतो.

१९५७ मध्ये पॅरिसला आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरियेस यांनी एका रुग्णाच्या ऐकण्याच्या नसेला प्रथम थेट विद्युत उद्दीपन दिले. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउस यांनी इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. मेलबर्नचे कानाचे सर्जन ग्रॅम क्लार्क यांचे वडील कर्णबधिर होते, आणि त्यांची धडपड लहानपणापासून पाहिल्यानेच क्लार्क या संशोधनाकडे वळले. इतक्या नाजूक वेटोळ्यांत इजा न करता तार खोलवर कशी न्यायची, हे कोडे १९७७ मध्ये समुद्रकिनारी सुटले. तिथल्या एका शंखात क्लार्क यांनी गवताची पाती सरकवून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली पाती अलगद आत गेली. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. त्याच सुमारास व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर यांचेही बहुवाहिनी (अनेक अग्रांचे) इम्प्लांट बसवले गेले होते. आवाजाचे स्पंदांत रूपांतर करण्याच्या अमेरिकन संशोधक ब्लेक विल्सन यांच्या संकेतपद्धतीमुळे १९९१ नंतर बोलणे कितीतरी स्पष्ट ऐकू येऊ लागले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन यांना २०१३ चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार मिळाला.

जन्मतः कर्णबधिर मुलांच्या बाबतीत सर्वांत मोलाचा असतो तो वेळ. मेंदूतील श्रवणकेंद्रे पहिल्या काही वर्षांत घडतात. तेव्हा आवाज मिळाला नाही, तर पुढे यंत्र उत्तम असूनही भाषा नीट रुजत नाही. 'आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात' म्हणत थांबणे म्हणूनच फार महाग पडते. नवजात बाळाची ओएई (आवाजाला अंतर्कर्ण प्रतिसाद देतो का हे पाहणारी) आणि गरजेनुसार बेरा (ऐकण्याची नस व मेंदूचा प्रतिसाद पाहणारी) चाचणी करून घेणे, एवढ्याने कितीतरी मुलांची ती वर्षे वाचू शकतात.

शस्त्रक्रियेनंतर जखम भरली की काही आठवड्यांनी 'स्विच ऑन' होते, म्हणजे यंत्र प्रथमच सुरू करतात. त्या क्षणी बाळ दचकते, कधी रडते. कारण त्याच्यासाठी तो अजून अर्थ नसलेला गोंगाट असतो. ऐकण्याचे वय त्या दिवसापासून मोजतात. पुढे वारंवार मॅपिंग, म्हणजे प्रत्येक अग्रावरील विजेची पातळी जुळवणे, आणि काही वर्षांची स्पीच थेरपी. घरी अनेक आया रोज सकाळी, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर हात धरून, आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज काढतात. मुलाला 'स' ऐकू आला नाही, तर यंत्र तपासायला हवे. इम्प्लांटच्या यशात सर्जनइतकाच या आयांचा वाटा आहे.

मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने (पद्मश्री, २०१४) हे भारतातील या शस्त्रक्रियेचे एक अग्रणी. दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून गरजू मुलांना इम्प्लांट मिळते. तिचे समन्वयन मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. मात्र बॅटऱ्या, कॉइल, वायर यांचा खर्च वर्षानुवर्षे चालूच राहतो आणि तो बहुधा घरावर पडतो.

कर्णबधिर समाजातील अनेकांना बहिरेपण हा आजार वाटत नाही आणि इम्प्लांटमुळे सांकेतिक भाषा मागे पडेल अशी त्यांना भीती वाटते. ती निराधार नाही. इम्प्लांट असूनही या भाषेची गरज संपत नाही. प्रोसेसर काढून झोपलेल्या किंवा बॅटरी संपलेल्या मुलाला काहीच ऐकू येत नाही, आणि त्या वेळी त्याच्याशी हातांनीच बोलावे लागते.