पेनड्राइव्हला कालचं आठवत नाही

ठाण्यात घरचा संगणक, वाशीला ऑफिसचा लॅपटॉप, आणि दोन्हींवर ‘हिशोब’ नावाचं एकच फोल्डर. एक फाइल घरी आहे, ऑफिसात नाही. ती घरी नव्याने केली, की ऑफिसात मुद्दाम उडवली? दोन्ही फोल्डर कितीही निरखा, उत्तर मिळणार नाही. त्यासाठी मागच्या खेपेला कुठे काय होतं त्याची नोंद लागते. दोन फोल्डर सारखे ठेवणारे युनिसन, सिंकथिंग हे प्रोग्रॅम ती ठेवतात. साध्या कॉपी-पेस्टला ती नसते, म्हणून पुसलेल्या फायली पुन्हा उगवतात.

नेटवर्क असेल तर काम सोपं. 1996 साली आलेला आरसिंक हा कॉपी करणारा प्रोग्रॅम फाइलचा बदललेला भागच पाठवतो. पण 64 जीबी नवेच व्हिडिओ असले, तर 20 एमबीपीएस अपलोडवर सात तास जातात. ट्रान्स-हार्बर लोकलने तेच खिशातून अर्ध्या तासात वाशीला! अर्थात सेकंदाला 30 एमबी लिहिणारा पेनड्राइव्ह भरायलाच 35 मिनिटं घेतो, हे जमेस धरा.

अनेक पेनड्राइव्ह फॅट-32 या जुन्या साठवण-पद्धतीचे असतात. त्यांत 4 जीबीची फाइल मावत नाही, आणि बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते. 10:15:07 ची फाइल तिथे 10:15:06 किंवा 08 होते. प्रोग्रॅमला वाटतं, फाइल बदलली. हा किरकोळ फरक सोडून द्यायला आरसिंकमध्ये मॉडिफाय-विंडो 1 ठेवा, विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपीच्या कमांडला एफएफटी स्विच (म्हणजे जादा सूचना) द्या. रोबोकॉपीचा एमआयआर स्विच मात्र जपून: जिथे कॉपी करायची तिथल्या जादा फायली तो न विचारता पुसतो. दिशा उलटी झाली तर दिवसभराचं काम गेलं. आधी एल स्विच लावून नुसती यादी बघा.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली, तर कुठलाच प्रोग्रॅम खरं-खोटं ठरवू शकत नाही. सिंकथिंग एका प्रतीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ घालून दोन्ही ठेवतो. जुळवाजुळव हातानेच.

पेनड्राइव्हसाठी युनिसन चांगला: घरी संगणक-पेनड्राइव्ह, ऑफिसात पेनड्राइव्ह-लॅपटॉप अशा दोन जोड्या करायच्या. त्याची नोंद फोल्डरच्या पत्त्यावर बांधलेली असते. विंडोजवर काल ‘ई’ अक्षर असलेला ड्राइव्ह आज ‘एफ’ झाला, की युनिसनच्या लेखी ही पहिलीच भेट, आणि पुसलेल्या फायली पुन्हा हजर. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या पेनड्राइव्हला ‘पी’सारखं सहसा न वापरलं जाणारं अक्षर कायमचं देऊन टाका, दोन्हीकडे.