पार्श्वभूमी : कॅप्टन किड आणि गहाळ झालेले दोन परवाने

क्रूर चाचा म्हणून ज्याचे नाव तीनशे वर्षे घेतले जाते, त्या विल्यम किडला इंग्लंडच्या राजाने १६९६ मध्ये नेमले होते ते चाच्यांनाच पकडण्यासाठी. फ्रेंच जहाजे लुटण्याची सनदही त्याच्यापाशी होती. ३४ तोफांचे त्याचे ‘ॲडव्हेंचर गॅली’ हे जहाज शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालत असे. खर्चाचा मोठा भाग दरबारातील काही उमरावांनी आपली नावे झाकून उचलला होता. खलाशांना पगार नव्हता, लुटीत वाटा होता. वर्षभर म्हणण्यासारखे काहीही हाती न लागलेले हे जहाज १६९७ च्या सप्टेंबरात कारवारला आले, तेव्हा त्यातले काही जण पळून गेले आणि तिथल्या इंग्रजी वखारीत जाऊन त्यांनी कप्तानाविरुद्ध जबान्या दिल्या. पुढच्याच महिन्यात किडने कुरबूर करणाऱ्या एका तोफचीच्या डोक्यात लोखंडी पट्ट्यांची बादली हाणली. दुसऱ्या दिवशी तो मेला.

खरा वाद आहे तो ३० जानेवारी १६९८ रोजी मलबार किनाऱ्यालगत धरलेल्या ‘क्वेडा मर्चंट’चा. जहाज हिंदुस्थानातले, माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, कप्तान इंग्रज आणि कागद फ्रेंच कंपनीचे, असा तो सगळा गुंता होता. या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा कार्ताझ, मराठ्यांचे दस्तक, इंग्रजांचा पास असे कागद जवळ बाळगल्याशिवाय व्यापार होत नसे, आणि ज्याचे निशाण समोर दिसे त्याचा कागद पुढे करण्याची रीतच होती. किडने फ्रेंच निशाण चढवले, म्हणून फ्रेंच परवाना पुढे आला. सनदेच्या अक्षराप्रमाणे ही पकड कायदेशीर ठरू शकते; मात्र परवाना असा हिकमतीने काढून घेतला होता, ही गोष्ट किडची बाजू घेणारे सहसा दडपतात.

लंडनला ही लूट परवडणारी नव्हती. १६९५ मध्ये ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज इंग्रज चाच्यांनी लुटले, तेव्हा औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी सुरतेच्या वखारवाल्यांना कैदेत टाकले होते. त्यामुळे १६९८ च्या अखेरीस चाच्यांना माफी जाहीर झाली, तीतून किडला नाव घेऊन वगळण्यात आले.

१६९९ मध्ये त्याला बोस्टनमध्ये अटक झाली. ‘क्वेडा मर्चंट’चे आणि त्याआधी पकडलेल्या दुसऱ्या जहाजाचे फ्रेंच परवाने त्याने तिथल्या गव्हर्नरच्या, म्हणजे मोहिमेतल्या आपल्याच भागीदाराच्या, स्वाधीन केले होते. ते लंडनला पोचले. पण १७०१ च्या मे महिन्यातील खटल्यात, नेमके हवे तेव्हा, ते सापडले नाहीत. खून आणि चाचेगिरी असे दोन्ही आरोप शाबीत झाले. खुनाच्या आरोपापुढे परवान्यांचा तसाही उपयोग नव्हता. २३ मे रोजी वॉपिंगच्या धक्क्यावर पहिल्या खेपेस दोर तुटला, म्हणून त्याला पुन्हा लटकवण्यात आले आणि डांबर फासलेले प्रेत थेम्सकाठी लोखंडी पिंजऱ्यात टांगून ठेवले गेले. त्याच्या दहशतीच्या कथा या पिंजऱ्याने जितक्या पसरवल्या, तितक्या त्याच्या तोफांनी पसरवल्या नसतील.

दोन्ही परवाने विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दप्तरात मिळाले. ‘क्वेडा मर्चंट’चे अवशेष २००७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ, जेमतेम दहा फूट पाण्यात, सापडले.