सिझेरियननंतरची योनिमार्गे प्रसूती

आधीचे मूल सिझेरियनने झाले असताना पुढच्या खेपेस योनिमार्गाने होणारी प्रसूती. डॉक्टरी बोलीत 'व्हीबॅक' (याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे लघुरूप). गर्भाशयावर एकच आडवा व्रण (सिझेरियनच्या छेदाची भरून आलेली खूण) असताना असा प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी ६० ते ८० स्त्रियांना तो साधतो. पूर्वी एखादे बाळंतपण योनिमार्गाने झालेले असल्यास हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते.

'एकदा सिझेरियन, की कायम सिझेरियन' हे वचन न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांच्या १९१६ मधील लेखातले. पुढे ते नियमासारखे वापरले गेले. मुळात पहिलेच सिझेरियन विचार करून करावे असा त्याचा रोख होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या जाड, स्नायुमय भागावर उभा छेद घेत. कळांचा सारा जोर याच भागात असल्याने तिथला व्रण फाटण्याची भीती मोठी, शिवाय तो कळा सुरू होण्याआधीही फाटू शकतो. खालच्या पातळ भागावरचा आडवा छेद स्कॉटिश प्रसूतितज्ज्ञ मन्रो कर यांच्या प्रयत्नांमुळे साधारण १९२० च्या दशकापासून रूढ होत गेला. आडवा व्रण कळांमध्ये फाटण्याचा धोका सुमारे २०० मध्ये १, तर उभा किंवा उलट्या 'टी' आकाराचा व्रण असल्यास १०० मध्ये ४ ते ९ सांगतात. आकडे थोडे मागेपुढे होतात, कारण काही अभ्यासांत नुसता उसवलेला व्रण (बाहेरचे आवरण शाबूत) आणि पूर्ण फाटलेले गर्भाशय एकत्र मोजले आहेत. पोटाच्या त्वचेवरील आडव्या खुणेवरून आतला छेद कळत नाही. मागच्या शस्त्रक्रियेची नोंदच पाहावी लागते. सोनोग्राफीने व्रणाची जाडी मोजतात, पण किती मिलिमीटर पुरेशी यावर एकमत नाही.

उभा व्रण, पूर्वी फाटलेले गर्भाशय किंवा गर्भाशयाच्या तोंडावर आलेली वार (गर्भाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) असल्यास प्रयत्न करत नाहीत. कळा आपोआप सुरू झालेल्या बऱ्या. औषधाने आणल्यास किंवा वाढवल्यास व्रण फाटण्याचा धोका दोन-तीन पट होतो. कळा आणणाऱ्या औषधांपैकी मिसोप्रोस्टॉल टाळतात, ऑक्सिटोसिन बेताने देतात. बाळाचे ठोके यंत्रावर सतत पाहतात, कारण ठोके बिघडणे ही फाटण्याची सर्वांत नेहमीची खूण होय. पोटात दुखणे एकटे फसवे असते. ते दोन कळांच्या मधेही थांबत नसेल, कळा एकाएकी बंद पडल्या, खाली उतरलेले डोके पुन्हा वर सरकले, अंगावरून किंवा लघवीतून रक्त गेले, तर तत्काळ पोट उघडावे लागते. म्हणून शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ व रक्त हाताशी असेल तिथेच हा प्रयत्न करतात.

तरीही हा प्रयत्न करण्यामागे एक कारण असे, की प्रत्येक वाढत्या सिझेरियनागणिक वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो.