‘ठाण्याला पाठवा’ : एका मनोरुग्णालयाची पार्श्वभूमी

मुंबईत ‘याला आता ठाण्याला पाठवा’ या वाक्याचा अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही. पुण्याकडे हेच येरवड्याच्या, विदर्भात नागपूरच्या आणि कोकणात रत्नागिरीच्या नावाने बोलले जाते. राज्यातील ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालये ब्रिटिश अमदानीतली असून त्या गावांची नावे अशी टोमण्यात रुजली, याचे मूळ त्या काळच्या कायद्यातही आहे.

ठाण्याचे रुग्णालय १९०१ साली नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने उभे राहिले. त्याआधी मुंबईतील मनोरुग्ण कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले जात. ‘ठेवले जात’ हाच शब्द इथे योग्य आहे, कारण मनोरुग्णांविषयीच्या १८५८ च्या आणि पुढे १९१२ च्या कायद्यात उपचारापेक्षा ताब्याला महत्त्व होते आणि घरच्यांनी आणलेल्या माणसाला दाखल करतानाही बहुधा दंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. १९२० च्या सुमारास या संस्थांना ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव मिळाले, पण भिंती आणि कुलपे तीच राहिली. ही रुग्णालये मुळात माणसे अडकवून ठेवण्यासाठीच बांधलेली आहेत, असे देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात स्पष्ट नोंदवले गेले.

खरा बदल १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझीनसारख्या मनोविकारांवरील औषधांनी घडवला. पूर्वी जन्मभर आत राहणारा माणूस काही महिन्यांत घरी जाण्याइतका सावरू लागला आणि प्रश्न वॉर्डातून घराच्या उंबऱ्यावर आला. केसपेपरवर वीस वर्षांपूर्वीचा पत्ता असतो. त्या पत्त्यावरची चाळ पडलेली असते, आई-वडील वारलेले असतात आणि भावाला पाठवलेल्या पत्राला उत्तर आलेले नसते. बरा झालेला माणूस केवळ न्यायला कोणी नाही म्हणून आत राहतो, ही या इतिहासातली मला सर्वांत क्लेशदायक वाटणारी गोष्ट आहे.

१९१२ च्या कायद्याची जागा घेणारा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू झाला. त्यानंतरचा २०१७ चा कायदा, जो मे २०१८ पासून अमलात आहे, अधिक ठाम आहे : रुग्णाला साखळदंड घालण्यास आणि भूल न देता विजेचे झटके देण्यास त्याने बंदी केली आणि घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे बजावले. अशा माणसांसाठी निवासाची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

१,८५० खाटांच्या ठाण्याच्या या रुग्णालयाच्या जागेचा काही भाग ठाणे आणि मुलुंड यांच्या मधल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी देण्यात आला आहे.